दारापाशीचं बटण

वायरमन आपल्याच आईच्या झोपायच्या खोलीची भिंत फोडत होता आणि बाबा शेजारी उभे राहून धूळ खात होते. संध्याकाळी आई दवाखान्यातून घरी यायची होती. खुबा मोडलेली बाई, तिला उशाशी दिवा लावता यायला हवा, न्हाणीघराच्या दारापाशीही हवा, एवढंच त्याने घरात सांगितलं होतं. ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं.

"एवढी तोडफोड कशाला?" बाबा म्हणाले. "मी आता त्या बटणाला हात लावत नाही. बघ, बंदोबस्त केलाय."

बंदोबस्त म्हणजे दारापाशीच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारली होती, थरावर थर. शेजाऱ्यांच्या जिन्यातला दिवा विनाकारण जळताना दिसला तरी ज्यांचा हात शिवशिवायचा, ते बाबा.

उशाशी बटण हवं, असं आईने पडायच्या आधीच म्हटलं होतं. एकच दिवा दोन्हीकडून लावायचा-मालवायचा तर मध्ये तीन वायरी लागतात. जुन्या पाइपातून दोन गेल्या, तिसरी काही केल्या सरकेना. गिऱ्हाइकाचं घर असतं तर त्याने मुकाट्याने छिन्नी काढली असती. पण हे घरचं काम, जेवण झाल्यावर डोळ्यांवर झापड आलेली. त्याने दोन साधी बटणं एकामागे एक जोडली आणि सांगून टाकलं, "दारातलं कायम चालू ठेवायचं, मग उशाचं चालतं. यात असंच असतं." मुलगा वायरमन, तो म्हणतोय म्हणजे असणारच तसं. दोघांनीही माना डोलावल्या.

घोरण्यापायी बाबा बाहेरच्या खोलीत निजत. महिन्यापूर्वी एका रात्री दिवा तसाच ठेवून आईचा डोळा लागला होता. बाबा पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेले आणि निघताना सवयीने दारातलं बटण बंद करून आले. पुढे आईला जाग आली, तिने उशाचं बटण दाबलं, दिवा लागेना. ती तशीच अंधारात उठली आणि स्टुलाला अडखळून पडली.

"बाबा, शंभरदा सांगितलं होतं तुम्हाला," ताई दवाखान्यातच बरसली. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. वायरमन मूग गिळून बसला. गल्लीभर लोकांच्या घरांत दिवे लावणाऱ्याने स्वतःच्या घरात हा असा उजेड पाडला होता, आणि बोलणी खात होता म्हातारा बाप.

आता नीट जोडणी करावी तर पितळ उघडं पडणार. न करावी तर आई पुन्हा त्याच अंधारात. टाळाटाळीत तो पटाईत होता, पण आई आजच येणार होती. त्याने नवा पाइप बसवला, वायरी ओढल्या, पट्टीसकट जुनं बटण काढलं आणि तिन्ही जागी नवी बटणं लावली.

"दाबून बघा," तो म्हणाला.

बाबांनी उशाचं दाबलं, दिवा लागला. न्हाणीघरापाशीचं दाबलं, मालवला. दारातल्या बटणाला त्यांनी भीत भीत एक बोट लावलं. दिवा लागला. त्यांनी तो तिथूनच मालवला, उशाशी जाऊन परत लावला आणि तिथेच थांबले.

"म्हणजे मी दारातून मालवला तरी तिला इथून लावता येतो."

"हो."

"ही नवीन सोय निघाली का काही?"

पळवाट बाबांनीच पुढे करून ठेवली होती. हो म्हटलं की मिटलं असतं.

"नाही," वायरमन म्हणाला. "जुनीच आहे. तेव्हाही होत होतं. भिंत फोडावी लागली असती."

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. "महिनाभर मी तिच्या नजरेला नजर दिली नाही," ते म्हणाले. "आणि तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतास."

तो केरसुणी घेऊन धूळ गोळा करायला लागला.

संध्याकाळी ताईने आईला चाकाच्या खुर्चीतून खोलीत आणलं. पडदे ओढलेले होते, दिवा चालू होता. बाबा दारापाशी उभे होते. सगळ्यांच्या देखत त्यांनी हात वर केला आणि बटण बंद केलं.

"बाबा, पुन्हा?" ताई म्हणाली.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. वायरमन उशाशी गेला, बटण दाबलं. दिवा लागला.

आईने दिव्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग मुलाकडे. "हे तेव्हाच होण्यासारखं होतं?"

"हो."

"मग का नाही केलंस रे?"

जुना पाइप, कच्ची भिंत, सगळी कारणं तोंडाशी आली. "कंटाळा केला, आई," तो म्हणाला.

आईने हात पुढे केला, तो त्याच्याकडे नव्हता.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "मला पलंगावर बसवा."