मनगटात अडलेला निरोप

मित्रांनो, मी एका रंगाऱ्याच्या उजव्या हातातला जुना मज्जातंतू आहे. खरे तर मी एकटा नाही. केसाहून बारीक अशा हजारो धाग्यांची पांढुरकी जुडी आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे माझ्याकडे सोपवलेली.

माझे काम निरोप्याचे. बोट गरम पाण्याला लागले, की कातडीतली माझी टोके जागी होतात आणि विजेची बारीक लहर सुटते. मनगट, कोपर, खांदा करत ती मानेजवळ पाठीच्या कण्यात शिरते. तिथल्या मज्जारज्जूत निरोप दुसऱ्या तंतूच्या हाती जातो, बाजू बदलतो आणि मेंदूच्या डाव्या अंगाला पोचतो. मग कुठे माणसाला कळते, की गरम आहे. भाजते बोट, पण कळते डोक्यात.

रंगारी हंड्यात दोन बोटे बुडवून रंगाचे पाणी पारखायचा. पाणी फार तापले, की लोकर आटते. कारखान्यात त्याला सगळे 'पारा' म्हणत. पाऱ्याला विचारल्याशिवाय लोकर हंड्यात सोडायची नाही, अशी मालकाची ताकीदच होती. कौतुक त्याचे व्हायचे, पण मी ते आपलेच समजून फुगायचो.

ओले सूत पिळून पिळून त्याचे मनगट आतून सुजले. मनगटात एक अरुंद बोळ आहे. बोटे हलवणाऱ्या दोऱ्या आणि मी, सगळे त्यातूनच जातो. सूज आली, की चेंगरतो तो मी. मी मुंग्या आणल्या. त्याने हात झटकला. पुन्हा आणल्या, पुन्हा झटकला. पुढे निरोप बोळातच अडू लागले आणि बोटे बधिर झाली. त्याने घरात की कारखान्यात अवाक्षर काढले नाही; हंड्याचे पाणीही अंदाजानेच सांगू लागला.

एके दिवशी सकाळी सुनेने बाळाच्या टबात पाणी काढले.

"बाबा, पाणी बघता का जरा? तुमचा हात लागला की मी निर्धास्त."

त्याने दोन बोटे बुडवली. कातडीतली माझी टोके जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण मनगटापलीकडे काही गेले नाही. त्याने नुसत्या अंदाजाने सांगितले, "कोमट आहे. घाल तिला."

नातीची टाच पाण्याला टेकते न टेकते तोच पाय वर ओढला गेला. मेंदूला खबर लागण्याआधीच मज्जारज्जूने तो मागे घ्यायला लावला होता. रडणे नंतर आले. मित्रांनो, तान्ह्या बाळाच्या मज्जातंतूंवरचे वेष्टनही पुरते चढलेले नसते, त्यामुळे त्यांचे निरोप सावकाश जातात. तरी तिच्या त्या अर्ध्याकच्च्या तंतूंनी काम चोख केले. माझ्याच्याने झाले नाही.

"अहो बाबा, हे पोळतंय की!" सुनेने लालबुंद टाच थंड पाण्याच्या धारेखाली धरली.

तो हात पाठीमागे लपवून उभा राहिला. "बोटांना कळत नाही गं. बरेच महिने झाले."

"आणि हे आज सांगताय?"

"पारा म्हणतात मला. काय सांगू, पारा फुटला म्हणून?"

"फुटला तर फुटला. ही तुमची नात आहे बाबा, लोकर नाही."

त्याने लपवलेला हात पुढे काढून तिच्यासमोर धरला.

टाच दुसऱ्या दिवशी निवळली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटावर टिचक्या मारून पाहिल्या आणि आधाराची पट्टी बांधली. "मुंग्या आल्या तेव्हाच यायचं होतं, आजोबा. पट्टीनं भागलं नाही तर छोटं ऑपरेशन करू. पण हे सावकाश सुधारतं, आणि पूर्वीसारखं होईलच असं नाही." त्याच संध्याकाळी त्याने कारखान्यात जाऊन आपल्या तोंडाने सांगितले, की हंड्याचे पाणी आता दुसऱ्या कुणीतरी बघावे.

मित्रांनो, मुंग्या वारंवार येऊ लागल्या, तर नुसता हात झटकून मोकळे होऊ नका. आमच्याजवळ दुसरी भाषा नाही. कळत नसेल, तर 'कळत नाही' म्हणा. लाजून 'कोमट आहे' म्हणू नका.

हल्ली मी पुसटशी ऊब वर पोचवतो. रंगारी ती ऐकतो, आणि तरीही आधी सुनेला हाक मारून पाणी बघायला सांगतो. माझ्यावर त्याचा भरवसा उरलेला नाही. बरोबरच करतो तो.