रेघ मारलेला नियम

धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर थोरला म्हणाला, "माझी एक घे." उचलली जीभ लावली टाळ्याला. अर्थात डॉक्टरांची अट त्याला आधीच कळली होती: धाकट्याचं वजन पंचाऐंशीच्या आत आलं तरच ऑपरेशन. धाकटा होता एकशे चार किलोचा, आणि जेवणावरून वेळेवर उठणं त्याच्या रक्तात नव्हतं. सुंठीवाचून खोकला जाणार, असं मनाशी धरून थोरल्यानं दानशूर म्हणून मिरवून घेतलं. चाकूला तो इतका भ्यायचा, की नख काढायच्या भीतीनं एकदा दवाखान्यातून पळून आला होता.

दोघांचं भंगाराचं दुकान होतं. एकट्यानं वाटेल ते उचलायचा म्हणून तिथं धाकट्याला सगळे क्रेन म्हणत. आता क्रेन खुर्चीत बसून असे. दिवसातून चार वेळा आतल्या खोलीत जायचं, पोटातल्या नळीतून जुनं पाणी काढायचं आणि नवं दोन लिटर भरून यायचं. पोटाचं डायलिसिस म्हणतात ते हेच.

घरच्यांना हे शिकवायला सिस्टरनी बोलावलं, तेव्हा धाकट्याची बायको रडत होती आणि थोरला वहीत लिहून घेत होता. रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. निघण्याआधी पोटातलं पाणी काढून टाकायचं, नळी पट्टीनं अंगाला नीट चिकटवायची. दम लागला की थांबायचं. उठाबशा काढायच्या नाहीत, आणि जड उचलायचं नाही. पोटात पाणी असताना तर मुळीच नाही, पोटाची भिंत फाटून आतडं बाहेर यायचं. हे शेवटचं सिस्टरनी दोनदा सांगितलं. थोरल्यानं त्याखाली रेघ मारली. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असं सिस्टर म्हणाल्या.

धाकटा मात्र खरंच चालायला लागला. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग पाण्याच्या टाकीपर्यंत, मग टाकीला तीन फेऱ्या. ताटावरून अर्धपोटी उठायचा. दर महिन्याला दवाखान्याचा काटा खाली यायचा. भंगारवाल्याला वजन कमी भरलेलं नेहमीच आवडतं. या एका काट्यानं मात्र थोरल्याचं धाबं दणाणलं. नाही म्हणावं तर चारचौघांत नाक कापलं जाणार होतं.

अकराव्या महिन्यात वजन चौऱ्याऐंशी भरलं. ऑपरेशनची तारीख ठरली, तीन आठवड्यांनंतरची.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा पोटात नवं पाणी भरून आतल्या खोलीतून बाहेर आला. थोरला घड्याळ बघतच उभा होता. दुकानातल्या काट्याशेजारी पाण्याच्या पंपाची जुनी मोटर पडली होती.

"क्रेनला गंज चढला वाटतं," तो कामगारांना ऐकू जाईल असं म्हणाला. कामगार हसले.

"सिस्टरनी नको सांगितलंय, दादा."

"बरोबर आहे. राहू दे. मीच उचलतो. ऑपरेशनपर्यंत मलाही जपायला सांगितलंय, पण काम कुणाला चुकलंय?"

तो वाकला आणि कंबर धरून कण्हला. ज्याची किडनी आपल्याला मिळायची, त्यानं आपल्यासमोर कण्हावं, हे धाकट्याला बघवलं नाही. त्यानं भावाला बाजूला सारलं आणि एका दमात मोटर काट्यावर ठेवली. त्रेचाळीस किलो भरली. मग बेंबी दोन्ही हातांनी दाबून तो खाली बसला.

आधी पोटाचं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर मानेत नळी घालून मशीनवर डायलिसिस, चालणं बंद. किडनीचं सहा महिन्यांनी पाहू, वजन आहे तेवढंच राहिलं तर. उचलू कुणी दिलं, असं सिस्टर कडाडल्या. थोरल्यानं खिशातून वही काढून रेघ मारलेली ओळ त्यांच्यासमोर धरली. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

संध्याकाळी धाकट्यानं त्याचा हात धरला. "दादा, तू कबूल होतास. माझीच मस्ती नडली. रागावू नकोस."

थोरल्याला लाज वाटली, खरंच वाटली. त्यानं घरून आणलेला डबा उघडेपर्यंत ती टिकली. डब्यात धाकट्याच्या आवडीचं सगळं तळलेलं होतं, आणि तळाशी लाडू.

"खा पोटभर," थोरला म्हणाला. "आता कसली घाई आहे?"