तोलबाबांचं भांडं आणि चौथीच्या टाचण्या

टायरच्या बंद पडलेल्या गोदामात त्या दिवशी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. भिंतींना अजून रबराचा वास होता, तरी लोक एकमेकांना सांगत होते, "काय पवित्र वाटतंय नाही इथं!" समोर चौथऱ्यावर टेबल, टेबलावरून जमिनीपर्यंत लोळणारं निळं मखमली कापड, त्यावर दुधाच्या पातेल्याएवढं एक काळं लोखंडी भांडं. भांड्यामागे, गळ्याशी माइक लटकवून, तोलबाबा.

हे तोलबाबा माणसाचा रोग तोलत. रोग्यानं भांडं उचलायचं. उचललं, तर देह शुद्ध. नाही उचललं, तर अंगात 'औषधाचं विष' साचलेलं. मग औषधं बंद करायची आणि पुन्हा तोलायला यायचं. माझ्या डोळ्यांदेखत एक हमाल, जो रोज पोती पाठीवर घेऊन जिने चढतो, लालबुंद होईपर्यंत ओढत राहिला. भांडं तसूभर हललं नाही. मागोमाग एका म्हातारीनं तेच भांडं दोन बोटांनी उचललं.

"आजींनी गोळ्या कधीच सोडल्या!" बाबा गरजले. "विश्वाचं कंपन आणि देहाचं कंपन यांचा जेव्हा मेळ बसतो, तेव्हा जडत्वाचं हलकत्व होतं!"

माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे मिटून डोलत होते. मी विचारलं, "काय कळलं हो तुम्हाला?"

"कळायचं काय त्यात? अनुभवायचं असतं!"

मी अनुभवायला गेलेच नव्हते. मी गेले होते ताईच्या मागे. माझी थोरली बहीण शिवणकाम करते. तिला फिट येतात, म्हणजे यायच्या. रोजच्या गोळीमुळे कित्येक वर्षांत आली नव्हती. पण गोळीनं सुस्ती येते, आणि ती सुस्ती नि जन्मभराची गोळी, दोन्हींना ती विटली होती. दुकानातून उठून ती तशीच आली होती, मनगटावर टाचण्या खोचायची छोटी गादीसुद्धा काढली नव्हती.

तिनं भांड्याला हात घातला. भांडं ढिम्म. आणि तेवढ्यात तिच्या मनगटावरच्या टाचण्या खाली कलल्या, दोन-चार निसटून टपटप भांड्याला चिकटल्या. सगळं गोदाम "आ" करून बघत राहिलं. क्षणभर बाबासुद्धा दचकले, मी पाहिलं ना. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! "पाहा! विष टाचण्यांच्या वाटेनं बाहेर पडतंय! बेटी, गोळ्या सोड आणि पुन्हा ये."

घरी आल्याबरोबर ताईनं गोळ्यांचं पाकीट केराच्या डब्यात टाकलं.

"ताई, मशीनवर बसलेली असताना फिट आली तर?"

"तुला कशातच काही दिसत नाही. तू देवालासुद्धा फूटपट्टीनं मोजशील!"

"देवाला कशाला मध्ये आणतेस? तो टायरच्या गोदामातला माणूस आहे!"

आमचं जोरात जुंपलं. ताईची मुलगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती, टाचण्यांचा चमत्कारसुद्धा. सतत गिरक्या घेते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात, पण तेव्हा ती जागची हलली नाही. आईला फिट आलेली तिनं एकदा पाहिली होती, फार लहान असताना. ती विसरलेली नाही.

मी शाळेत शिकवते, आणि भिंगरी माझ्याच वर्गात आहे, चौथीत. योगायोग म्हणा, पण त्या आठवड्यात आमचा विद्युतचुंबकाचा धडा होता. हा धडा मी फळ्यावर शिकवत नाही. फळ्यावरचा चुंबक कशालाच ओढत नाही, मुलांनाही नाही. प्रत्येक बाकावर एक लोखंडी खिळा, वेष्टन असलेली तांब्याची तार आणि एक सेल. खिळ्याला तार गुंडाळा, टोकं सेलला लावा, टाचण्या उचला. टोक सोडा, टाचण्या पडतात. वर्गात नुसता गलका. कुणी खोडरबर उचलायला बघतंय, कुणी डब्याचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, आणि दोन्ही ढिम्म. एकानं तार जोडूनच ठेवली आणि बोंबलला, "बाई, चटका!"

"बसणारच. सेल म्हणजे काय नळ आहे, सोडून द्यायला?"

एवढ्यात भिंगरी उठली. शाळेत मला बाई म्हणायचं, असा आमचा करार आहे. तो ती साफ विसरली.

"मावशी, आईच्या टाचण्या अश्शाच पळाल्या होत्या. त्या भांड्याकडे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण ते मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं. मी विचारलं, "खात्री कशी करायची?"

सूचनांचा पाऊस पडला. टेबलाखाली घुसू या. कापड ओढू या. बाबांना चटका देऊ या. शेवटी मागच्या बाकावरून एक शहाणी सूचना आली: टाचणी चुंबकावर घासायची, मधोमध दोऱ्यानं बांधून लटकवायची. खिळ्याजवळ धरून पाहिलं. तार जोडली की टाचणी गर्रकन खिळ्याकडे वळते, सोडली की हळूहळू आपल्या जागी येते. मुलांनी नियम करून टाकला: वळली तर 'चालू', सुटली तर 'बंद'.

पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठीत मी लिहिलं, 'विज्ञान भेट'. एक अक्षर खोटं नव्हतं.

ताईचा दुसरा तोल होता त्या दिवशी आम्ही गोदामात हजर झालो. बाबांना आनंद झाला. "या, या! निष्पाप बालकांना पुढे बसवा!" आमची फौज चौथऱ्याला खेटून बसली, प्रत्येकाच्या हातात दोऱ्याला टाचणी, भिंगरीनं आईच्या शिवणाच्या डब्यातून आणलेली.

पहिला रोगी दम्याचा. टाचण्या गर्रकन वळल्या.

"चालू!" चौथी एका सुरात ओरडली. त्यानं ओढलं, भांडं हललं नाही.

पुढची बाई आली. टाचण्या सैल सुटल्या. "बंद!" तिनं भांडं लीलया उचललं.

लोक कुजबुजू लागले. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या टायवाल्या शिष्याला घाम फुटला. त्याचा डावा पाय मखमलीच्या आत होता, आणि तो आता बाबांकडे कमी नि मुलांकडे जास्त बघत होता.

मग ताई. बाबा मधाळ झाले. "बेटीनं गोळ्या सोडल्या. बेटी शुद्ध झाली. उचल, फुलासारखं उचल!"

हे भांडं आता हलकं लागलं, तर ताई जन्मात पुन्हा गोळीला हात लावणार नाही.

टाचण्या सैल होत्या. तरी भिंगरी उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "चालू!"

गोंधळलेल्या शिष्यानं पाय दाबला.

ताईनं भांडं ओढलं. हललं नाही. तिचा चेहरा पडला. "बाबा, मी तर एकही गोळी घेतली नाही हो!"

"हलकं आहे, बेटी, ओढ!" बाबा म्हणाले आणि मान वळवून दात खाऊन पुटपुटले. पण माइक गळ्यातच होता. सगळ्या गोदामात आवाज घुमला:

"अरे गाढवा, पाय काढ! पाय!"

आधी हसली मुलं, मग सगळं गोदाम. मी मखमल वर केली. शिष्याच्या बुटाखाली बटण, बटणापासून तार, आणि टेबलाच्या फळीखाली मनगटाएवढ्या जाड लोखंडाला गुंडाळलेली तांब्याची तार.

"हा आमच्या खिळ्याचा थोरला काका!" भिंगरी म्हणाली. मग मी आमचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा टेबलावर ठेवला. "बाबा, हा करा बरं जड. हवं तेवढं कंपन वापरा."

बाबांनी आधी माइक बंद केला. पुन्हा तोलायला आलेल्या त्या हमालानं भांडं एका हातानं उचललं आणि म्हणाला, "मला रोगी ठरवलंत होय!" पुढचं तो जे बोलला ते चौथीनं ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

मी लोकांना एवढंच म्हटलं, "विद्युतचुंबक ही फार छान गोष्ट आहे. ती लोखंड ओळखते, रोग ओळखत नाही. औषध बंद करायचं का, हे डॉक्टरला विचारा, भांड्याला नको. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी टेबलाखाली बघा. वाकायचंच आहे, तर तेवढं वाका."

ताई घरी येऊन खुर्चीवर बसली आणि रडली.

"मला काय कळत नव्हतं गं? पण तू आजारी नाहीस, असं एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं मला."

मी नुसता तिचा हात धरला. भिंगरीनं दप्तरातून गोळ्यांचं पाकीट काढलं. केराच्या डब्यातून तिनं ते त्याच दिवशी उचललं होतं, पुसून पुस्तकांत लपवलं होतं.

"आई, डॉक्टरांना विचारून परत सुरू करायची ना?"

ताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल. पण आधी त्या टाचण्या परत दे. माझ्या आहेत त्या."