न आलेल्या दुकानासमोर

मी बाक बोलतोय. ओकच्या लाकडाचा, दणकट, चार माणसं ऐसपैस बसतील असा. ओहायोतल्या ब्रायरफील्ड गावात एका कोपऱ्यावर मला बसवलं, तेव्हा समोर रिकामी जागा होती आणि तिच्यात एक रंगीत फलक होता. खाली किराणा दुकान, वर भाड्याची छोटी घरं, दारात बसचा थांबा. मी त्या चित्रावर विश्वास ठेवला. लाकूडच मी, दुसरं काय करणार?

बेत चांगला होता. मक्याच्या शेतांत बंगले पसरत न्यायचे नाहीत, घरं जवळजवळ बांधायची, म्हणजे माणूस पायी दुकानात जाईल आणि शेतं शेतंच राहतील. त्यासाठी गावाची सभा झाली. भिंतीवर नकाशा लावला आणि लोकांना हिरव्या टिकल्या वाटल्या. जे हवं, त्यावर टिकली चिकटवायची. शेजारच्या कर्टिसनं आपली आणि बायकोचीही टिकली दुकानावर लावली. माझ्यावर बसून तो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

डेलोरेसबाई रोज यायच्या. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी झालेली, नवरा गेलेला, नजर अधू होत चाललेली. पुढेमागे गाडीचा परवाना परत करावा लागला, की शेतातल्या त्या मोठ्या घरात एकटीनं राहणं अशक्य. म्हणून ते विकून त्यांनी या कोपऱ्याजवळ लहानसं घर घेतलं. फक्त या दुकानाच्या भरवशावर.

मग कळलं, दुकानावर अठरा घरं येणार. भाडेकरूंशिवाय दुकान चालणार नाही, हे पहिल्या दिवसापासून चित्रात होतं. तरी कर्टिसच्या हिरवळीवर पाटी उभी राहिली, 'आपलं गाव वाचवा.' आठवड्यात गल्लीभर त्याच पाट्या.

"कर्टिस, टिकली तूच लावली होतीस ना रे?" बाईंनी विचारलं.

"दुकानाला लावली हो, डेलोरेस. अठरा बिऱ्हाडांना नाही. त्यांनी गाड्या कुठे लावायच्या?"

"तुझ्या एकट्याच्या चार आहेत."

"म्हणूनच तर जागा नाही!" तो हसला. मी असा चिडलो, की हातपाय असते तर तिथून उठून गेलो असतो.

या बांधकामाला परवानगी द्यायची का, याची सुनावणी दोन गल्ल्यांपलीकडे होती. सगळे गाड्या घेऊन गेले. तिथे गाडी लावायला जागा मिळेना, तर माइकपुढे जाऊन म्हणाले, "बघा, आत्ताच ही गत आहे!" बाई चालत गेल्या आणि दुकानाच्या बाजूनं बोलल्या. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, मतं मात्र पडली नाहीत.

समोरच्या जागेवर डांबर ओतून गाड्यांचा तळ झाला. दुकान गेलं हायवेला, मक्याच्या शेतात. त्याच्यामागे बंगलेही गेले. बाईंचा परवाना हिवाळ्यात गेला. वर्षभर त्या कधी याला, कधी त्याला विचारत राहिल्या. दुधासाठी विचारायचं, औषधासाठी विचारायचं. शेवटी वेड नावाचा त्यांचा मुलगा आला आणि त्यांना वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं.

निघण्याआधी त्या माझ्यावर टेकल्या. कर्टिसनं स्वतःच्या ट्रकमध्ये त्यांच्या पेट्या चढवल्या. माणूस वाईट नाही हो, हेच मला सोसत नाही.

"अहो, नुसतं सांगायचं होतं," तो कळवळून म्हणाला. "हवं ते आणून दिलं असतं मी."

"माहीत आहे, कर्टिस. मला आणून देणारा नको होता. मला जायचं होतं."

त्या उठून गाडीत बसल्या. वेडनं गाडीचं दार लावलं.

आता माझ्यावर कुणी बसत नाही. परवा गावातले साहेब मोजमाप घेऊन गेले. मला म्हणे दुसऱ्या नव्या वस्तीत न्यायचं आहे, तिथल्या रंगीत फलकासमोर. लोकहो, हात जोडता येत नाहीत, पण विनवतो. हवं तर फोडून शेकोटीत घाला. पण माझ्यावर बसवून आणखी एका म्हातारीला सांगू नका, की समोर दुकान येतंय.