विभूतीने घासलेलं नाणं

वरलक्ष्मी व्रताच्या आदल्या दुपारी श्रीवत्स चेन्नईतल्या अण्णा नगरच्या घरी आला, तेव्हा कनकाआत्या पूजेची चांदी विभूतीने, कपाळाला लावायच्या भस्माने, घासत बसली होती. निरांजन, कुंकवाची वाटी आणि त्याने सकाळी टेबलावर ठेवलेलं चांदीचं नाणं.

"आत्या, ते कशाला घासलंस!"

"कलशात घालायला आणलंस ना रे? प्लास्टिकच्या डबीत गुदमरत होतं बिचारं."

नाणं श्रीवत्सचं नव्हतं. ऑफिसातल्या सुब्बाने ते नमुना म्हणून दिलं होतं. वडिलांनी जमवलेली अशी नाणी विकून सुब्बाला तांबरमला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. श्रीवत्सला नाण्यांचा नाद. तो सगळी घ्यायला तयार होता. ओरखड्यांनी किंमत उतरते, म्हणून अशा जुन्या नाण्याला जाणकार कापडसुद्धा लावत नाहीत.

ओरखडे बघायला त्याने नाणं उजेडात धरलं. कडेला तांबूस रेघ दिसली.

वजन त्याने आधी केलं होतं, ते बरोबर होतं. चुंबकाला नाणं चिकटलं नव्हतं. तेवढ्यावर तो थांबला होता. आता त्याने जाडी मोजायला कॅलिपर लावला. त्याच्याकडच्या अस्सल नाण्यापेक्षा हे जाड भरलं. तांबं चांदीपेक्षा हलकं. वजन जुळवायचं तर जाडी वाढते. "आत तांबं आहे," त्याने आत्याला सांगितलं.

"अय्यो, लक्ष्मीलाच फसवणार होते की मी," आत्या म्हणाली.

श्रीवत्स तडक तिरुवल्लिकेणीला सुब्बाच्या खोलीवर गेला.

"सुब्बा, हे खोटं आहे. वर मुलामा, आत तांबं."

सुब्बा खाटेवर बसला. "सगळीच खोटी असतील, सार्?"

"बघू. हे वडिलांनी कुठून घेतलं होतं?"

"हे त्यांचं नाही. सेटमध्ये एक कमी होतं, म्हणून मीच मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलं. सगळ्यांत चकचकीत, म्हणून तुम्हाला हेच दिलं."

"शहाणाच आहेस. वडिलांची काढ."

ती काळवंडलेली होती. श्रीवत्सने पाण्याचा पेला बरोबर आणलेल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि एक नाणं दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडलं. काट्यावर जो आकडा आला, त्याने मोबाइलवर नाण्याच्या वजनाला भागलं. चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास यायला हवं.

सुब्बाला मोबाइलकडे बघवेना.

"साडेदहा," श्रीवत्स म्हणाला. "चांदी आहे. पुढचं दे. दुकानाला जागा बघितलीस का?"

"कॉलेजच्या वाटेवर आहे एक, सार्," सुब्बा म्हणाला. पुढच्या नाण्याला तो दोरा बांधू लागला होता.