रोलरचा डाग

भिकनने जाळीला पोट टेकवलं, दोन्ही हात वर केले आणि लाल रुमाल जोरजोरात हलवला. मैदानाच्या पलीकडच्या कडेला त्याचा लखन हेल्मेट काढून पाणी पीत होता. लखनने मान वर केली. सरळ भिकनकडे पाहिलं, डोळे बारीक केले, कपाळाला आठी घातली आणि तोंड फिरवलं.

भिकनचे हात थोडा वेळ तसेच वर राहिले. मग त्याने त्याच रुमालाने मान पुसली, जणू त्यासाठीच तो काढला होता. मिलमधून निघताना शर्ट बदलायचा राहून गेला होता आणि बाहीवर निळ्या रंगाचा शिंतोडा होता. त्याने बाही कोपरापर्यंत दुमडली.

"पाहिलं नाही वाटतं त्याने," शेजारचे अशोकराव म्हणाले.

"पाहिलं की. खेळात ध्यान आहे त्याचं."

अशोकराव बँकेत अधिकारी होते. त्यांचा तुषार लखनच्याच संघात होता. एरवी भिकनची आणि त्यांची गाठ कधी पडली नसती, पण या खेळाने दोघांना एका जाळीला आणून उभं केलं होतं. खेळही कुठला, तर अमेरिकेतला. तिकडे वीस वर्षं मोटेल चालवून परत आलेल्या ठाकोरभाईंनी तो कॉलेजात आणला होता. लखनचं पळणं बघून त्यांनी त्याला खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेजात घेतलं आणि संघाचा क्वार्टरबॅक केलं. पांडेसऱ्यातल्या गल्लीत हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हशा पिकला होता. "भिकनभाऊ, दारूबंदीच्या राज्यात तुझ्या पोराला उघड क्वार्टर मिळाली!" पुढे लखनने तीन सामने मारले आणि त्याच हसणाऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी फलक लावला. 'आपला लखन, आता अमेरिका.'

खेळ भिकनला आता कळायला लागला होता. कच्च्या पपईसारखा लांबट चेंडू मधल्या गड्याने मागे लखनच्या हातात द्यायचा. समोरचे आडदांड गडी लखनला लोळवायला धावून येतात. तेवढ्या वेळात लखनने एक तर पुढे पळालेल्या आपल्या गड्याकडे चेंडू फेकायचा, नाही तर स्वतः काखेत मारून पळायचं. लखन पळायचाच. सशासारखा वळणं घेत पळायचा.

समोरच्या संघाचे, नवसारीवाल्यांचे ढोल सुरू झाले. चेंडू लखनच्या हातात आला. डाव्या अंगाला तुषार एकटा सुटला होता. वीस पावलांवर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तो दोन्ही हात डोक्यावर नाचवत होता. लखनचं तोंड त्याच्याकडेच होतं. त्याने हात मागे नेला, थांबला आणि चेंडू काखेत मारून उजवीकडे पळाला. चौघांनी मिळून त्याला खाली घेतलं.

"हे बघा!" अशोकरावांनी जाळीवर हात आपटला. "चौथ्यांदा! तोंडासमोर माझा मुलगा मोकळा उभा आहे. दिसत नाही असं म्हणूच नका."

भिकनने दुमडलेली बाही आणखी वर सारली.

"सरावात हाच मुलगा चेंडू तुषारच्या छातीवर नेऊन ठेवतो. मी स्वतः पाहिलंय. मग सामन्यातच काय होतं?" अशोकरावांनी आवाज उतरवला. "भिकनराव, राग मानू नका. या गावात पतंगाच्या पेचावरसुद्धा सट्टा लागतो. कुणी भेटलंबिटलं नाही ना त्याला?"

"माझा पोरगा तसा नाही, साहेब."

"नसेल. मग तुषारचंच वावडं आहे का? बँकवाल्याचा मुलगा मोठा व्हायला नको, असं?"

सामना एका गुणाने जिंकला. लखननेच जिंकून दिला, पळून. पण ठाकोरभाई जाळीपाशी आले तेव्हा त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता.

"भिकनभाई, छोकरो दोडे छे वाघ जेवो. पण एकलो दोडे छे," ते म्हणाले. "रविवारी फायनल. फेंकशे नहीं, तो हूं एने बेसाडी दईश."

बसवून ठेवणार. संघातून गेला की कोटा गेला, कोटा गेला की कॉलेज गेलं. हे काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. भिकनने मान डोलावली.

घरी बायकोने, उषाबाईंनी ताट वाढलं.

"काय व्हयनं? जिकनात ना?"

"जिकनात."

"मंग तोंड कसाले पाडं?"

भिकनने भाकरी मोडली आणि कोपऱ्यात बघितलं. लखन भिंतीकडे तोंड करून बसला होता. फोन नाकाला लागेल इतका जवळ धरलेला. भिकन उठून त्याच्या मागे गेला तशी लखनने फोन उलटा केला.

"कोणाचा निरोप आहे?"

"कोणाचाच नाही, आबा. डोकं दुखी राह्यनं. झोपतो."

"नवसारीवाले ओळखीचे होते का तुझ्या?"

लखनने फोन उशीखाली सारला. मग त्याने चादर ओढून घेतली.

भिकन मिलच्या फोल्डिंग खात्यात चेकर होता. काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, खालून ट्यूबलाइट लागलेली असायची, आणि भिकनने डाग, तुटका धागा, सरकलेली छपाई पकडायची. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. उजव्या हाताने कापड ओढायचं आणि डाव्या हाताची बोटं खालून फिरवत न्यायची, ही त्याची पद्धत. नवीन पोरं टेबलावर ओणवी होऊन डोळे फोडून बघत आणि तरी चुकत. "भिकनभाऊची बोटं बघतात," असं फोल्डिंग मास्तर कौतुकाने सांगायचा. खोट शोधायची सवय माणसाला लागली की ती मिलच्या फाटकाशी सुटत नाही. भिकन आता घरात लखनला तपासू लागला.

लखन रोज कॉलेजला निघताना चंचलला बसथांब्यापर्यंत बरोबर न्यायचा. तेरा वर्षांच्या बहिणीचं थांब्यावर काय काम? बस गेली की ती एकटीच परत यायची.

"काय करतेस तू तिथे?" भिकनने तिला विचारलं.

"काही नाही, आबा. उभी राहते."

"कोणी भेटायला येतं का दादाला?"

"नाही."

"मग तुला कसाले नेतो?"

चंचलने आईकडे बघितलं. उषाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. भाजून झालेली भाकरी त्यांनी पुन्हा उलटली.

"दादाने सांगितलंय, सांगू नको," चंचल म्हणाली आणि दप्तर उचलून बाहेर गेली.

भिकनने ताट बाजूला सारलं. घरातल्या तिघांना माहीत असलेली एक गोष्ट होती आणि ती त्याच्यापासून लपवलेली होती.

शुक्रवारी त्याने रजा टाकली. सकाळी सातला तो मैदानावर गेला, पण जाळीला टेकला नाही. बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोच्या आड थांबला. आत पंधरा-वीस पोरं होती. ढोल नव्हते, माणसं नव्हती. चेंडू लखनच्या हातात आला. तुषार पळाला, वळला. लखनचा हात सुटला आणि चेंडू जाऊन तुषारच्या छातीवर बसला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकही वाया नाही.

भिकनने टेम्पोला पाठ टेकली. म्हणजे अशोकराव खरं बोलत होते. पोराला येतं, आणि पोरगा मुद्दाम करत नाही.

तो निघायला वळला आणि थांबला. टेबलावर सव्वीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. डाग एकदा दिसला तर तो डाग. पण तोच डाग दर हातभर अंतरावर पुन्हा पुन्हा दिसायला लागला, तर तो कापडाचा नसतो. कुठेतरी वर, छपाईच्या रोलरवर काहीतरी अडकलेलं असतं. मग कापडाकडे बघत बसण्यात अर्थ नसतो, रोलरकडे जावं लागतं. लखनचा डाग नेमका सामन्यातच येत होता. दर वेळी. भिकन पुन्हा टेम्पोच्या आड गेला. या वेळी त्याने चेंडूकडे बघितलं नाही. चेंडू सुटायच्या आधी काय होतं, तेवढंच तो बघू लागला.

तुषार पळाला, वळला आणि ओरडला, "हा, लखन!" चेंडू सुटला.

दुसरा गडी पळाला. "अहींया, अहींया!" चेंडू सुटला.

एवढ्यात मागच्या रस्त्याने महापालिकेची कचरागाडी आली. भोंग्यावर गाणं मोठ्याने लागलेलं. ती जाळीला लागून सावकाश चालली. आत चेंडू लखनच्या हातात आला होता. तुषार वळला, त्याचं तोंड उघडलेलं भिकनला दिसलं, आवाज मात्र गाण्यात बुडाला. लखनचा हात मागे गेला. थांबला. मान इकडून तिकडे फिरली. डोळे बारीक झाले, कपाळाला आठी पडली. ती आठी भिकनने ओळखली. चार दिवसांपूर्वी ती त्याच्याकडे बघून पडली होती. मग लखन चेंडू काखेत मारून पळाला.

गाडी पुढे गेली. गाणं कमी होत होत थांबलं. भिकन टेम्पोच्या आडून बाहेर आला, जाळीपाशी उभा राहिला आणि रुमाल काढून हलवला. लखन त्याच्याकडे तोंड करूनच उभा होता. पन्नास पावलं असतील. काही नाही. भिकनने रुमाल खाली घेतला आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. शेतात असताना बैलांना घालायचा तशी.

लखनची मान झटकन वळली. "आबा?" तो म्हणाला. पण तो जाळीच्या दुसऱ्याच टोकाकडे बघून म्हणाला.

भिकनने रुमाल खिशात घातला. त्याच्या डाव्या हाताची बोटं जाळीच्या तारांवरून फिरत होती, एकेक गाठ चाचपत. ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने हात खाली घेतला.

त्याला मिलमधला दगाभाऊ आठवला. दगा शेजारच्या टेबलाचा चेकर, त्याच्याच गावचा. पाच वर्षांपूर्वी त्याने चष्मा लावला. मास्तर म्हणाला, "चष्मा लागला? मग आता फाटकावर बस." दगा अजून फाटकावरच होता, रखवालदार म्हणून. त्याच्या पुढच्याच वर्षी भिकनच्या डोळ्यांपुढे धुरकं आलं होतं. आधी जवळचं, मग थोडं लांबचंही. त्या दिवशी घरी येऊन त्याने उषाबाईंना आणि दोन्ही पोरांना समोर बसवून सांगितलं होतं, या घरात चष्म्याचं नाव काढायचं नाही. कुणापाशी बोलायचं नाही. डोळे गेले असं लोकांना कळलं की माणूस संपला.

तेव्हा लखन चौदा वर्षांचा होता. तो नीट ऐकत होता. खालमानेने, एकेक शब्द.

शनिवारी दुपारी भिकन लखनला घेऊन निघाला. कुठे ते सांगितलं नाही. लखनने दोनदा विचारलं.

"आबा, ठाकोरकाका काय बोलले का?"

"चल तू."

मोठ्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानाशी भिकन थांबला. लखनचे पाय पायरीवरच थबकले.

"मी काही केलं नाही, आबा," तो हळू म्हणाला. "चंचीने सांगितलं का?"

"तिने काही नाही सांगितलं. बसची पाटी वाचायला नेतोस तिला, ते माझं मलाच कळलं. आत ये."

दुकानदार काउंटरमागून उठला. "नंबर कोनो काढवानो छे, काका?"

"मारो," भिकन म्हणाला आणि टोपी काढून स्टुलावर बसला.

दुकानदाराने त्याच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि समोरचा तक्ता उजळला. गुजराती अक्षरं होती. भिकन शाळेत कधी गेला नव्हता. मराठी अक्षरं तो चाळिशीत शिकला, चंचलच्या पहिलीच्या पाटीवर. गुजराती मात्र त्याने या तक्त्यापुरतीच पाठ केली होती. मिलमध्ये दर वर्षी डोळे तपासायचे, आणि तिथेही हाच तक्ता असायचा. आदल्या दिवशी तो कँटीनच्या पोराकडून अक्षरं म्हणवून घ्यायचा. चार वर्षं त्याने तो घडाघडा म्हटला होता. मास्तर पाठ थोपटायचा.

"वांचो, काका."

भिकनने पहिलं अक्षर म्हटलं. दुसऱ्या ओळीतली तीन म्हटली. तिसरी ओळ जिभेवर आली होती. मागे दाराशी लखन उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बस," भिकन म्हणाला. "नाही दिसत. वरच्या ओळीपण धूसरच होत्या. मी पाठच म्हणत होतो."

दुकानदार हसला. "पहेला माणस जोया, खरुं कहेनारा."

त्याने पुठ्ठा खाली घेतला. पंख्याची कुरकुर चालली होती. मग मागून बुटांचा आवाज आला. नवे, ठाकोरभाईंनी दिलेले बूट. भिकन उठून बाजूला झाला तसा लखन येऊन स्टुलावर बसला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने आपल्याच हाताने एक डोळा झाकला.

"वांच, दीकरा. सौथी उपरनो अक्षर."

लखन बराच वेळ समोर बघत राहिला.

"तक्ता आहे का तिथे?" त्याने विचारलं.

काचा बदलत बदलत बराच वेळ गेला. एका काचेशी लखन दचकल्यासारखा मागे झाला. मान वळवून त्याने उघड्या दारातून बाहेर बघितलं. रस्ता, रस्त्यापलीकडची टपरी, टपरीवरची पाटी. मग तो भिकनकडे वळला आणि बघत राहिला. भिकनच्या बाहीवर निळा शिंतोडा होता. या वेळी त्याने बाही दुमडली नाही.

दुकानदाराने दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि चष्म्याच्या काड्यांचा ट्रे समोर सरकवला.

"रविवारे सवारे तैयार. केवा जोईए छे?"

"एक पोराचा," भिकन म्हणाला. "हेल्मेटात बसेल असा. मागून पट्टा पाहिजे, धावताना पडता कामा नये."

"अने तमारो?"

भिकनने ट्रेवरून बोटं फिरवली, मग बोटं मागे घेतली आणि ओणवा होऊन डोळ्यांनी बघितलं. बारीक, चंदेरी, दिसून न येणाऱ्या काड्या त्याने बाजूला केल्या.

"हा. काळा, जाड," तो म्हणाला. "मास्तराला फाटकापासून दिसेल असा."