लॉन्सडेल स्ट्रीटवरचा नाच

फोटिनीला सांगायचं नाही, असं सकाळी कॉफी पितानाच ठरलं. म्हणजे ठरवलं आर्गिरिसने, इव्हान्थियाने फक्त मान हलवली. मग लेकीचा फोन आला तेव्हा तिने सांगून टाकलं की आम्ही दोघं इथेच आपल्या ओकली उपनगराच्या चौकात जाऊन बसतो जरा, ऊन चढलं की परत येतो.

"बाबांची टोपी घे," फोटिनी म्हणाली. "आणि जत्रेचं नाव काढलं तर सरळ नाही म्हण. भट्टी पेटल्यासारखं तापणार आहे आज. मी कामावर आहे, मला धावपळ करायला लावू नका."

"जत्रेला कोण जातंय!" इव्हान्थिया म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे फोन ठेवल्यावरही तिचे कान गरमच होते.

कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारे हात आठवतात. आर्गिरिसचे हात फारसे थरथरत नसत. त्याचे पाय अडायचे. चालता चालता मध्येच, विशेषतः दारात किंवा गर्दीत, पावलं जमिनीला चिकटून बसायची. वरचं अंग पुढे निघालेलं आणि बूट जागच्या जागी. मग इव्हान्थियाने त्याच्या बुटापुढे आपला पाय आडवा धरायचा, आणि तो ओलांडायचा म्हणून त्याने पाऊल उचलायचं. कधी एक-दोन, एक-दोन असं मोजायचं. डॉक्टरांनी शिकवलेल्या या युक्त्या कधी लागू पडत, कधी नाही. चाकाची खुर्ची घ्या असंही डॉक्टरांनी सुचवलं होतं. त्यावर आर्गिरिस दोन दिवस कोणाशीच बोलला नव्हता.

आणि या माणसाला जत्रेत जायचं होतं. लॉन्सडेल स्ट्रीट फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, दोन दिवस गाड्यांना बंद होतो, आणि मेलबर्नमधला झाडून सारा ग्रीक माणूस तिथे खायला, भेटायला आणि नाचायला जमतो. फळांचं दुकान चालवत होता तेव्हाही आर्गिरिस त्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून जायचा. रिंगणात सर्वांत पुढे, उजव्या हातात पांढरा रुमाल, असा तो नाचायचा. पुढचा माणूस जसा पाय टाकेल तसं सगळं रिंगण वळतं, आणि पुढचा माणूस कायम आर्गिरिसच असे. गेली दोन वर्षं मात्र तो गेला नव्हता.

"एकदा ने मला," तो म्हणाला होता. "परत म्हणणार नाही."

टॅक्सीतून उतरून लॉन्सडेल स्ट्रीटपर्यंत पोचायलाच त्यांचा जीव मेटाकुटीला आला. पण एकदा रस्त्यावर आल्यावर कोळशावरच्या ऑक्टोपसचा वास आला, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांवर मध ओतणाऱ्या बायकांची भांडणं ऐकू आली, आणि आर्गिरिसचा चेहरा सैल पडला. एरवी तो लाकडी मुखवट्यासारखा दिसायचा. इव्हान्थियाने त्याला छत्रीखालच्या खुर्चीत बसवलं, ऑक्टोपसचे बारीक तुकडे केले, लिंबू पिळलं, आणि भरवायला लागली.

"लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत. चावून खा."

एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे आर्गिरी! तू जिवंत आहेस? मी तर तुझ्यासाठी मेणबत्ती लावून मोकळा झालो!"

पांडेलिस होता. आर्गिरिसच्याच गावचा, ग्रीसहून एकाच जहाजातून आलेला, आणि रिंगणात जन्मभर दुसऱ्या जागेवर नाचलेला. पोट सुटलं होतं, आवाज तेवढाच होता.

"मेणबत्ती स्वस्तातली लावली असशील," आर्गिरिस म्हणाला. आवाज अगदी बारीक निघाला, पण पांडेलिसला ऐकू गेलं, आणि तो मांडीवर थाप मारून हसला.

"ऊठ. कालामाटियानोचा नाच सुरू होतोय. रुमाल माझ्याकडे आहे, पण तू असताना मी पुढे राहिलो तर माझी आई थडग्यातून उठून येईल."

"पांडेली, त्याला चालता येत नाही," इव्हान्थिया म्हणाली.

"चालायला कोण सांगतंय? नाचायचंय."

"मस्करी नको. गर्दीत त्याचे पाय अडतात. पडला तर?"

"मी आहे ना," पांडेलिस म्हणाला. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला त्याचं हेच उत्तर होतं.

दोघांनी मिळून आर्गिरिसला उभं केलं. चार पावलं गेला आणि अडला. इव्हान्थिया पाय आडवा धरायला वाकली, आणि त्याच क्षणी मंचावर क्लॅरिनेट सुरू झालं.

सात मात्रांचा तो ठेका. आर्गिरिसची मान आधी वर आली. मग खांदे. मग पाऊल उचललं गेलं, आपोआप, कोणी न सांगता, आणि तो इव्हान्थियाच्या पायाला वळसा घालून पुढे निघून गेला. पांडेलिसने त्याच्या हातात रुमाल दिला, डावा हात आपल्या हातात घेतला, आणि मागे माणसांची रांग लागत गेली.

तो नाचला. उगीच हलला नाही, नाचला. पावलं नेमकी पडत होती. वळणावर तो गुडघ्यात वाकून वर येत होता. तरुण पोरीपोरांनी ओरडून टाळ्यांचा ठेका धरला. रुमाल उन्हात फडफडत होता आणि रिंगण त्याच्यामागे मोठं मोठं होत चाललं होतं.

इव्हान्थिया टोपी हातात धरून उभी होती. तिला आनंद झाला हे खरं. पण त्या आनंदाच्या पोटात दुसरंच काहीतरी उकळत होतं. काल रात्री संडासाच्या दारात भिंत धरून उभा राहिलेला, मी एक-दोन मोजून मोजून घसा कोरडा केला तरी न हललेला माणूस तो हाच का? पांडेलिसने हाक मारली की पाय चालतात, मी हाक मारली की चालत नाहीत? तिला आजार कळत नव्हता असं नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं की ताल मिळाला की मेंदू वेगळ्या वाटेने जातो. पण त्या घटकेला तिला राग आला तो आलाच.

वारा फिरला तो नेमका तेव्हा. सकाळपासून उत्तरेकडून भाजणारा वारा एकदम पडला, आणि दक्षिणेकडून धुळीचा लोट रस्त्यात घुसला. मेलबर्नच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. प्रत्येकाने आधी आभाळाकडे बघितलं. आभाळ काळंनिळं झालं होतं. एक छत्री उडून टेबलावर आपटली. मंचाचं कापड शिडासारखं फुगलं, आणि क्लॅरिनेटचा सूर मध्येच तुटला.

"मंडळी, वादळ येतंय," भोंग्यावरून एक बाई आधी इंग्रजीत आणि मग ग्रीकमध्ये सांगू लागली. "मंचापासून आणि तंबूंपासून दूर व्हा. शांतपणे कडेच्या इमारतींमध्ये जा."

रिंगण फुटलं. हात सुटले. बायका पोरांना ओढत दुकानांकडे पळाल्या. पाहता पाहता रस्ता मोकळा झाला, आणि मोकळ्या रस्त्यात, मंचाच्या समोरच, एक पाय जरा पुढे टाकलेला आर्गिरिस तसाच उभा राहिला. रुमाल हातातच होता.

इव्हान्थिया धावली. "चल, आर्गिरी. एक-दोन. एक..."

काही नाही. तिने पाय आडवा धरला. त्याने खाली बघितलं. त्याला तो पाय दिसत होता, ओलांडायचा हेही कळत होतं. त्याच्या मांडीचा स्नायू पँटमधून थरथरताना तिला दिसला. बूट हलला नाही.

"माझा खांदा धर," पांडेलिस म्हणाला, आणि त्याने दंडाला धरून त्याला पुढे खेचलं. वरचं अंग आलं, पाय आले नाहीत, आणि आर्गिरिस तोंडावर आपटता आपटता जेमतेम सावरला.

"हात लावू नकोस!" इव्हान्थिया किंचाळली. पांडेलिसने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

पिवळ्या जाकिटातला एक सुरक्षारक्षक आला. "इथून निघायचंय, बाई. वर दिवे लटकतायत. आजोबा प्यायलेत का?"

"थेंबही नाही. आजारी आहे तो."

"मग न्या त्यांना."

"त्याला नेता आलं असतं तर उभी राहिले असते का इथे?"

तो पोरगेला माणूस वायरलेसवर कोणाशी तरी बोलायला लागला.

इव्हान्थियाला एकच सुचलं. ती मंचाकडे पळाली. क्लॅरिनेटवाला पेटी बंद करत होता. तिने त्याच्या बाहीला धरलं. "वाजव. थोडंसंच वाजव. त्याला कडेपर्यंत येऊ दे." त्या माणसाला काय समजलं कोण जाणे, पण त्याने काही विचारलं नाही. पेटी उघडली, वाद्य जोडलं, आणि वाऱ्यात येऊन आर्गिरिसच्या अगदी कानाशी उभा राहिला.

तोच ठेका. आर्गिरिसची मान वर आली. खांदे हलले, गुडघा वाकला, आणि तिथेच अडकला. दुपारची गोळी गडबडीत राहून गेली होती, हे तिला त्या क्षणी आठवलं. टाचा वर, चवडे जमिनीत रुतलेले, असा तो वाऱ्यात डुलू लागला. तिने आणि पांडेलिसने दोन्हीकडून त्याला धरलं.

"पुरे," आर्गिरिस म्हणाला.

वादक तरी वाजवतच राहिला, दुसरं काय करावं हे त्याला कळेना. मग पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले आणि त्याने वाद्य कोटाखाली घेतलं. "माफ करा," तो म्हणाला. कशाबद्दल, ते त्यालाच ठाऊक.

पाऊस धो धो आला. इव्हान्थियाने टोपी आर्गिरिसच्या डोक्यावर घातली, ती लगेच उडून गेली. दोन्ही कडेच्या दुकानांच्या छपरांखाली माणसं दाटीवाटीने उभी होती. अर्धं ओकली तिथे होतं. चर्चमधल्या बायका होत्या. फळं घ्यायला येणारी जुनी गिऱ्हाइकं होती. मघाशी टाळ्या वाजवणारी पोरं होती, त्यातल्या एकाने फोन वर धरला होता. शेजारच्या म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली.

सुरक्षारक्षकाने बोलावलेली प्रथमोपचाराची मुलगी चाकाची खुर्ची ढकलत पळत आली.

आर्गिरिसने खुर्ची पाहिली. "नको," तो म्हणाला. "इथे नको. आपल्या माणसांसमोर नको."

"मग काय करू मी?" इव्हान्थिया म्हणाली. पाणी तिच्या तोंडात जात होतं. "तूच सांग. काय करू ते सांग, मी करते."

त्याने डोळे मिटले. त्या मुलीने आणि पांडेलिसने ताठरलेले गुडघे हळूहळू वाकवून त्याला खुर्चीत बसवलं. त्याची पँट पुढून ओली झाली होती. पावसानेच नव्हे, हे इव्हान्थियाला जवळून कळलं, आणि पाऊस थांबू नये असं तिला वाटलं. खुर्ची जवळ आली तशी माणसं बाजूला सरकून वाट करून देत गेली, आणि बऱ्याच जणांनी नजर खाली घातली.

"मीच उठवलं त्याला," पांडेलिस दर दुकानापाशी म्हणत होता. "मीच गाढव. मीच उठवलं." कोणी त्याला विचारलं नव्हतं.

फोटिनीला फोन करावाच लागला. ती आली ती, दोघं आडोशाला बसली होती त्या दुकानाच्या दाराशी उभी राहूनच म्हणाली, "ओकलीच्या चौकात होतात ना?" मग वडिलांकडे बघून तिने पुढचं गिळलं. गाडीत मात्र तिला राहवलं नाही.

"गोळी तरी द्यायचीस, आई. तेवढं तरी."

"विसरले."

"काही झालं असतं म्हणजे?"

"झालं की," इव्हान्थिया म्हणाली.

घरी पोचेपर्यंत पाऊस ओसरला होता आणि सगळीकडे लख्ख ऊन पडलं होतं. गाडी अंगणात उभी राहिली, पण आर्गिरिस गाडीतून उतरू शकेना. इव्हान्थियाने त्याला गोळी दिली. ती लागू पडायला वेळ लागणार होता. "मी सूप गरम करते," फोटिनी म्हणाली आणि आत गेली. गाडीचं दार उघडं ठेवून ती दोघं मागच्या सीटवर बसून राहिली. इव्हान्थियाने त्याच्या मांडीवर टॉवेल पसरला.

राग निघून गेला होता. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ती म्हणाली, "छान नाचलास पण. तुझ्या चेहऱ्यावर किती आनंद होता."

आर्गिरिस समोरच्या सीटकडे बघत होता.

"पहिली दोन वळणं होता," तो म्हणाला. "मग मला आठवलं की हे थांबणार. त्यानंतर मी नुसता घाबरून नाचत होतो."

इव्हान्थियाने त्याचा हात हातात घेतला. तो गार होता आणि ओल्या रुमालाभोवती अजून घट्ट वळलेला होता. बोटं सोडवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"सूप झालंय," फोटिनीने आतून हाक मारली. थोड्या वेळाने तिने परत हाक मारली.

"येतो," इव्हान्थिया म्हणाली, आणि दोघंही तिथेच बसून राहिली.